चार मिनिटांच्या गाण्याची आठ मिनिटं

एर्मेते बाल्दाझ्झी यांनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट कुणालाही न विचारता करायची ठरवली, आणि मग सवयीने तिची परवानगी मागायला गेले. पुढचं सगळं रामायण त्या एका चुकीतून घडलं.

तसे एर्मेते चुका करणाऱ्यांतले नव्हेत. इटलीतल्या फाएन्झाहून समुद्राकडे निघालं की वाटेत आमचं गाव लागतं, तिथे ते बत्तीस वर्षं जमीनमोजणी खात्यात नोकरीला होते. आमच्याकडे माणसाला हाक मारायची तर हुद्द्याने, त्यामुळे त्यांना सगळे 'मोजणीदार' म्हणत. बेकरीवाला, पाद्री, दाताचा डॉक्टर, इतकंच काय, भांडण झालं की बायकोसुद्धा. दोन पीचच्या बागांमध्ये बोटभर जमिनीवरून कोर्टकचेरी पेटली की मोजणीदार जाऊन टेप धरत आणि दोघांचंही चुकलंय असा अहवाल देत. तर या माणसाला एकोणसाठाव्या वर्षी, निवृत्तीला दहा महिने उरले असताना, गाणी कापायचा नाद लागला.

गाणी कापणं म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, कारण मोजणीदारांच्या बायकोला, देआन्नाला, ते अजून पटलेलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी निघालेली आणि कुणीही न ऐकलेली एखादी डिस्कोची नाहीतर रागीट पोरांच्या बँडची रेकॉर्ड शोधायची. ती कॉम्प्युटरवर उतरवायची. कंटाळवाणी कडवी कापून टाकायची. जिथे नुसता ड्रम आणि बास वाजतो तो तुकडा चारदा-आठदा जोडायचा. सुरुवातीला मिनिटभर कोरा ठेका ठेवायचा, म्हणजे डीजेला आधीच्या गाण्यातून अलगद यात शिरता येतं. ड्रमवाला भरात येऊन पुढे पळाला असेल तर त्याला कान धरून मागे आणायचं. असं केलं की चार मिनिटांचं गाणं आठ मिनिटांचं होतं आणि आजच्या पोरांचे पाय त्यावर उचलतात. याला म्हणायचं एडिट. जगात हजारो लोक हे करतात आणि त्यातला एकही कुणाची परवानगी घेत नाही. देआन्नाचं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या पँटला ठिगळ लावायचं आणि ती आपली म्हणून मिरवायची, यात कसली कला?

मोजणीदारांचा जीव मात्र एकाच गाण्यात अडकला होता. सतरा वर्षांचे असताना मित्राने त्यांना एक कॅसेट दिली होती. डोंगरावरच्या एका डिस्कोत कुणीतरी डीजेचा अख्खा कार्यक्रम भरून आणलेला. त्यात मध्येच एक गाणं यायचं, नाव नाही, गाव नाही. संथ, जड ठेका, आणि त्यावर एका पुरुषाचा घनगंभीर आवाज, एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणणारा: 'दार उघडं आहे, मी हलणार नाही.' सतरा वर्षांचे एर्मेते तेव्हा बापाला घाबरत, मास्तरला घाबरत, बदकांनासुद्धा घाबरत. त्यांना वाटलं, माणूस असावा तर असा. त्या दिवसापासून ते सावकाश आणि खालच्या सुरात बोलायला शिकले. लग्नाची मागणीसुद्धा त्याच सुरात घातली.

"मला वाटलं याला घशाचं काहीतरी झालंय आणि आता फार दिवस नाहीत," देआन्ना सांगते. "मी दयेपोटी हो म्हटलं. बघा, चौतीस वर्षं झाली."

तर यंदाच्या जानेवारीत, एका मेलेल्या डेंटिस्टच्या घरातलं सामान रस्त्यावर विकायला मांडलं होतं, त्यात मोजणीदारांना एक मोठी रेकॉर्ड मिळाली. बँडचं नाव 'लामिएरा', म्हणजे पत्रा. मधल्या लेबलवर एवढंच छापलेलं: 'आवाज: डी. मिंगोत्सी'. साल नाही, पत्ता नाही, किती वेगाने वाजवायची तेही नाही. घरी येऊन त्यांनी ती तेहतीसच्या वेगावर, म्हणजे मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवर लावली, कारण मोठी रेकॉर्ड तेहतीसवरच लावतात हे त्यांना शेंबड्या पोराइतकं पक्कं ठाऊक होतं. आणि तोच ठेका, तोच आवाज. मोजणीदार स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ढसाढसा रडले. देआन्नाने घाईघाईने काळा झगा शोधायला घेतला. तिला वाटलं, नवऱ्याचे काका गेले.

योगही असा, की समुद्रकाठच्या 'ला कोंकील्या' या नाचघराला ऑगस्टमध्ये पन्नास वर्षं पुरी होत होती. रविवारी जेवणं उरकली की दुपारी नाचायला जायचं ही आमच्याकडची जुनी रीत, आणि पन्नाशीच्या रविवारी तिथे वाजवणार होता ग्वाल्तिएरो, म्हणजे मोजणीदारांचा शाळेतला बाकसोबती. डोक्याला टक्कल, पण मागे शेंडी. तो म्हणाला, "एर्मेते, तू एडिट कर, मी बरोबर पाच वाजता लावतो. पाच वाजता तिथे तीनशे माणूस नाचत असतं."

तीनशे माणूस! मोजणीदारांना झोप येईना. बत्तीस वर्षं त्यांच्या मोजमापावर लोक नुसते भांडले होते. एकदा, फक्त एकदा, आपल्या मोजमापावर लोक नाचताना त्यांना डोळ्यांनी बघायचे होते. बाकी त्यांना काही नको होतं, निवृत्तीचं घड्याळसुद्धा नको होतं.

आणि मग हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते त्यांनी केलं. पन्नाशीच्या सोहळ्याला सरकारी मदत आहे असं कळल्यावर ते एका सोमवारी सकाळी पालिकेच्या संबंधित कार्यालयात गेले आणि खिडकीतल्या बाईंना म्हणाले, "एका गाण्याची लांबी वाढवायची आहे. फॉर्म कुठला भरायचा?"

बाईंनी चष्मा काढला. नोकरीत त्यांना हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्या आत गेल्या, वीस मिनिटांनी एक फॉर्म घेऊन आल्या. तो मुळात घराचा सज्जा वाढवण्याचा होता, पण वाढ ती वाढ. त्यावर तिकीट लावायचं आणि सोबत मूळ मालकाची संमती जोडायची. बँडमधले वाजवणारे तिघे कधीच वर गेल्याचं ग्वाल्तिएरोच्या कानावर होतं, गाणाऱ्याचं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणजे उरला डी. मिंगोत्सी.

ग्वाल्तिएरोने कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, विचारलंस कशाला? आता त्यांना कळलं ना! न विचारता केलं असतं तर कुत्रं भुंकलं नसतं."

"कायद्याने वागलं की माणूस ताठ मानेने चालतो."

"चाल. ताठ मानेने त्या मिंगोत्सीकडे चाल. पालिकेचा माणूस आता कागद तपासायला दारात उभा राहणार आहे, तुझ्या कृपेने. सही नाही तर गाणं नाही."

मिंगोत्सी हे आडनाव आमच्या भागात दगड मारावा तिथे सापडतं. मोजणीदारांनी फोनच्या यादीतले डी. मिंगोत्सी काढले तर एकवीस निघाले. त्यातले बाप्ये तेवढे वेगळे काढले. पहिला दारिओ, मधमाश्या पाळणारा, ऐंशी वर्षांचा, ठार बहिरा. त्याने प्रश्न नीट ऐकून घेतल्यासारखं केलं आणि दोन बरण्या मध गळ्यात बांधला. दुसऱ्याने कुत्रा सोडला. तिसरा सापडला दुइलिओ. हा चर्चच्या गाणाऱ्यांत सगळ्यात खालचा सूर लावणारा. बोलला की कपाटातल्या बश्या वाजत. मोजणीदारांचे डोळे लकाकले.

"लामिएरा बँडमध्ये गायचात का तुम्ही?"

दुइलिओने बराच विचार केला. "त्या सालात मी फार प्यायचो हो. त्या सालात मी काय केलं नाही असं छातीठोक सांगता येणार नाही."

"म्हणजे गायला असाल?"

"आवाज कसा आहे?"

"भव्य!"

"मग मीच असणार," दुइलिओ म्हणाला, आणि त्याच संध्याकाळपासून गावभर तशी ओळख सांगत फिरू लागला.

इकडे घरी दुसरीच आघाडी उघडली होती. मोजणीदार दोन वाजता ऑफिसातून सुटत, प्लेटभर पास्ता खात आणि कॉम्प्युटरला बसत. जुलैचा उकाडा, खिडक्या सताड उघड्या. एका तुकड्याचा सांधा जमेपर्यंत तो साठ-सत्तर वेळा वाजवावा लागतो. तेव्हा कल्पना करा, बाहेर चिटपाखरू नाही, आणि दुसऱ्या मजल्यावरून दर बारा सेकंदांनी 'दार उघडं आहे', 'दार उघडं आहे', 'दार उघडं आहे'. शिवाय आमच्या इमारतीत दुपारी दोन ते चार शांततेचा नियम आहे. तो नियम सोळा वर्षांपूर्वी मोजणीदारांनीच लिहिला होता.

बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर, झान्नोनीबाई राहत. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, पण दारावर पाटी नवऱ्याच्याच आडनावाची. बाई अंगाने काडी, आवाज चिमणीचा, पण हातातला झाडू लांब. त्या झाडूचा दांडा छतावर आपटत. आठवड्याने लिफ्टमध्ये चिठ्ठी लागली: 'दुसऱ्या मजल्यावर ज्या कुणी बैल पाळला आहे त्यांनी त्याला दोन ते चार पाणी पाजून झोपवावे.' मोजणीदारांनी खाली उत्तर चिकटवलं: 'तो बैल नसून कलावंत आहे. कृपया इमारत नियम अकरा, पोटकलम ब पाहावे.' त्याखाली बाईंनी लिहिलं: 'पाहिले. बैलच आहे.'

जिन्यात गाठ पडली तेव्हा मात्र त्या जरा वेगळ्याच बोलल्या. "मोजणीदार, मला आवाजाचा त्रास नाही हो. रेल्वेच्या रुळापाशी जन्म गेला माझा. पण तो माणूस गायला लागला की माझ्या पोटात कालवतं. का ते कळत नाही. कुणीतरी माझी उणीदुणी काढतंय असं वाटतं."

"कलेने अंतर्मुख होतं माणूस," मोजणीदार खालच्या सुरात म्हणाले.

"माझं अपचन होतं," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या प्रीमोने यावर तोडगा आणला. प्रीमो जन्मभर खाटिक, त्यामुळे सल्ला देताना हात हवेत सुऱ्यासारखा चालतो. "अंड्यांचे पुठ्ठे लावा भिंतींना. आवाज गिळतात." त्यानेच दीडशे पुठ्ठे आणून दिले. मोजणीदारांनी दोन दिवस खपून ते मोजून-मापून चिकटवले. आवाज होता तेवढाच राहिला, फक्त उकाडा दुप्पट झाला, आणि रविवारी एक पुठ्ठा सुटून देआन्नाच्या मांसाच्या रश्श्यात पडला. रस्सा सकाळी सातपासून शिजत होता. देआन्नाने नवऱ्याला 'मोजणीदार' म्हटलं, आणि चार दिवस तेच म्हणत राहिली.

शेवटी झान्नोनीबाईंनी इमारतीची सभा बोलवायला लावली. इमारतीचा कारभार बघणारे डॉक्टर ओलिंदो (हे औषध देणारे डॉक्टर नव्हेत, आमच्याकडे कॉलेज पूर्ण केलं की सगळेच डॉक्टर) अतिशय न्यायी गृहस्थ. त्यांनी चर्चच्या दालनात सभा घेतली आणि जाहीर केलं, "ज्या आवाजाबद्दल तक्रार आहे तो आवाज सभेने ऐकला पाहिजे. न ऐकता मतदान होणार नाही."

मोजणीदार याच संधीची वाट पाहत होते. कडक इस्त्रीचा शर्ट घालून, ती रेकॉर्ड छातीशी धरून ते आले. सोबत साक्षीदार म्हणून दुइलिओ मिंगोत्सी, सूट-टायमध्ये, घसा साफ करत. मोजणीदारांनी छोटंसं भाषणही केलं. हा आवाज म्हणजे न घाबरणाऱ्या माणसाचा आवाज आहे, या आवाजाने आपल्याला घडवलं, आणि ज्यांना तो बैलाचा वाटतो त्यांच्याबद्दल आपल्याला राग नाही, फक्त कीव आहे. मग रेकॉर्ड पाद्रीबाबांच्या जुन्या यंत्रावर ठेवली.

आता पाद्रीबाबांचं यंत्र त्यांच्याच वयाचं. त्यावर ते फक्त पोल्का आणि वॉल्ट्झच्या छोट्या रेकॉर्डी वाजवत, आणि त्या पंचेचाळीसवर वाजतात. वेगाचा खटका गेली वीस वर्षं पंचेचाळीसवरच गंजून बसलेला.

सुई टेकली. संथ, जड ठेक्याऐवजी ताडताडताड असं काहीतरी दौडत आलं, आणि त्यावर एक बारीक, कापरी, धापा टाकणारी पोरगी एका दमात ओरडायला लागली: दारउघडंआहेमीहलणारनाही, दारउघडंआहेमीहलणारनाही!

"थांबवा! वेग चुकलाय!" मोजणीदार यंत्रावर झेपावले. "पाप आहे हे! तेहतीसवर करा!"

पण खटका हलेना. दुइलिओने हळूच टाय सैल केला. तो म्हणाला, "इतका मी कधीच प्यायलो नव्हतो." आणि तेवढ्यात सगळ्यांची नजर झान्नोनीबाईंकडे गेली. त्या उभ्या राहिल्या होत्या, चेहरा पांढराफटक. ओठ हलत होते. आधी वाटलं जप करतायत. मग ध्यानात आलं, की रेकॉर्डमधल्या पोरीच्या तोंडून जी ओळ यायची, ती बाईंच्या ओठांवर अर्धा क्षण आधीच येत होती. मोजणीदारांनी कापून टाकलेलं दुसरं कडवं तर आम्ही कुणी ऐकलंही नव्हतं. ते त्यांनी आधी म्हटलं आणि मग पोरीने.

गाणं संपलं.

"देल्फिना मिंगोत्सी," बाई म्हणाल्या. "लग्नाआधीचं नाव. तो बैल मी आहे."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्या भागात लहान पोरांनाही ठाऊक आहे आणि म्हणूनच मोजणीदारांना सुचली नाही. त्या काळी आमच्याकडच्या डोंगरावरचे डीजे पंचेचाळीसवर वाजवायच्या रेकॉर्डी मुद्दाम तेहतीसवर लावत. सगळं संथ, खोल, नशा चढल्यासारखं व्हायचं. लोक त्यावर जीव टाकत. आणि मूळ गाणं कसं होतं याची चौकशी करणं, हे स्वयंपाकिणीला रश्श्यात काय घातलंस विचारण्याइतकं असभ्य समजलं जायचं. मोजणीदारांनी चाळीस वर्षं सभ्यपणा पाळला होता.

ते घरी आले आणि पुठ्ठ्यांच्या खोलीत दार लावून बसले. ज्या पुरुषासारखं होण्यात आयुष्य घातलं तो पुरुष जन्मालाच आला नव्हता! देआन्नाने बाहेरून विचारलं, "जेवणार का?" तर आतून उत्तर आलं ते चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या आवाजात, म्हणजे थोडं किनरं. देआन्ना सांगते, मला घरात कुणी पाहुणा आलाय असं वाटलं.

पण पाच वाजताचे तीनशे माणूस डोळ्यांपुढून जाईनात. चौथ्या दिवशी मोजणीदार फॉर्म घेऊन पहिल्या मजल्यावर गेले. झान्नोनीबाईंनी फॉर्म वाचला, घडी केली, अ‍ॅप्रनच्या खिशात घातली.

"सही देईन. पण गाणं माझ्या वेगाने वाजलं पाहिजे."

"बाई, त्या वेगाला कुणाला नाचता येणार नाही. लोकांना धाप लागेल."

"मला नव्हती लागली? चाळीस वर्षं मला बाप्या करून ठेवलंत, वर त्याने मला घडवलं म्हणून सभेत भाषण ठोकलंत. आता मी जशी होते तशी वाजवा."

मग सुरू झालं ते आणखी विचित्र होतं. ज्या बाई झाडू आपटत त्या स्वतःच रोज दोनच्या ठोक्याला, शांततेच्या वेळेत, वर येऊन मोजणीदारांच्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागल्या. "इथे कापू नका, इथे मी श्वास घेतलाय." "इथे तुम्ही श्वासच ठेवलात की, गाणं कुठाय?" आता झाडू आपटायची पाळी प्रीमोवर आली, त्याला तो खाली जमिनीवर आपटावा लागे. लिफ्टमध्ये नवी चिठ्ठी लागली: 'बैल परवडला.'

आणि मोजणीदारांना हळूहळू काय झालं कुणास ठाऊक. ती धापा टाकणारी पोरगी त्यांना आवडायला लागली. ड्रमवाला पुढे पळतो म्हणून ते त्याला रीतीप्रमाणे मागे ओढायला गेले, तर कळलं की तो पळत नाहीये, पोरगी पळतेय आणि तो बिचारा तिला गाठतोय. त्यांनी पहिल्यांदाच एक माप चुकीचं तसंच ठेवलं. रात्री देआन्नाला म्हणाले, "ती घाबरलेली आहे गं. आणि तरी म्हणतेय की हलणार नाही. मी तर न घाबरता म्हणायला शिकलो होतो, त्यात काय विशेष?"

"झोप आता," देआन्ना म्हणाली. पण ती 'मोजणीदार' म्हणाली नाही.

झान्नोनीबाईंना जुनी कॅसेट ऐकायला हवी होती, पुरावा म्हणून. ती त्यांनी खाली नेली आणि परत दिली नाही.

तो रविवार उजाडला. ला कोंकील्यात माणूस मावत नव्हतं. एका बाजूला बायकांना पाठीवरून हात घालून वॉल्ट्झ नाचणारी आमच्या वयाची जोडपी, दुसऱ्या बाजूला समुद्रावरून तशीच ओल्या केसांनी आलेली पोरं. दारात पालिकेचा माणूस, हातात पंखा, कागद तपासायला. पावणेपाचला ग्वाल्तिएरोने मोजणीदारांना खूण केली: सही? मोजणीदारांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी पर्समधून फॉर्म काढला. कोरा.

"मोजणीदार, माझं मन बदललंय. हळू वाजवा."

"काय?"

"हळू. तेहतीसवर. बैल."

"अहो पण तीन आठवडे मी..." मोजणीदारांचा आवाज चढला, पार किनरा झाला आणि त्यांना त्याची लाजही वाटली नाही. "मुळीच नाही! खरी तुम्ही त्यात आहात! ती पोरगी ऐकली पाहिजे लोकांनी!"

"पोरगी माझी आहे, मी बघते तिचं काय करायचं ते."

"तुम्हीच म्हणालात, जशी होते तशी!"

"म्हणाले. तेव्हा कॅसेट ऐकली नव्हती."

"दहा मिनिटं उरली!" वरून ग्वाल्तिएरो ओरडला. "तुमचं भांडण उलटं झालंय हे कळतंय का तुम्हाला? दोन्ही फाइली आहेत माझ्याकडे, कुठली लावू ते बोला!"

झान्नोनीबाई खुर्चीवर बसल्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

"ऐका. त्या दिवशी मी एकोणीसची होते. दोन वाजता पीच निवडायच्या शेडमध्ये माझी कामाची पाळी होती. खाली भाऊ स्कूटर चालू ठेवून हॉर्न वाजवत होता. बँडवाले म्हणाले, अजून एकदा घेऊ, सावकाश. मी म्हटलं वेळ नाही. एका दमात म्हटलं आणि पळाले. निघालेली रेकॉर्ड मी विकतसुद्धा घेतली नाही. मग लग्न, मग सासूबाई अंथरुणावर, मग झान्नोनी अंथरुणावर. मला कायम दोनची पाळीच होती म्हणा ना. आणि परवा ती कॅसेट ऐकली. मीच आहे, माझाच श्वास आहे, पण कुठे जायचं नाहीये. खाली कुणी हॉर्न वाजवत नाहीये." त्यांनी फॉर्म मांडीवर सपाट केला. "मला एकदा सावकाश गाऊ द्या, मोजणीदार."

मोजणीदारांनी खिशातलं पेन काढून दिलं. बाईंनी सही केली, देल्फिना मिंगोत्सी, अशी ऐसपैस की चौकटीबाहेर गेली. पालिकेच्या माणसाने कागद उलटा-सुलटा बघितला, हा सज्ज्याचा फॉर्म आहे असं काहीतरी पुटपुटला आणि पंखा हलवायला लागला.

पाच वाजले. आधी मिनिटभर नुसता ठेका. पोरं सरकली, जोडपी सरकली, आणि कसं कोण जाणे पण वॉल्ट्झवाल्यांना आणि ओल्या केसांवाल्यांना एकाच वेळी तो पायांत सापडला. मोजणीदारांनी सवयीने मोजायला सुरुवात केली, आठ, सोळा, चोवीस, आणि मग मोजायचं सोडून दिलं. तीनशे माणूस नाचत होतं. देआन्नाने त्यांचा हात धरून त्यांना ओढलं. चौतीस वर्षांत ती असं ओढायला लागली की ते आधी चपला बघत, आज तसेच गेले.

मग आवाज आला. आणि नाचणाऱ्यांच्या अगदी मधोमध, पर्स काखेत घट्ट धरून, झान्नोनीबाई उभ्या राहिल्या आणि त्या घनगंभीर पुरुषाबरोबर आपल्या चिमणीच्या आवाजात गाऊ लागल्या. एक ओळ. मग लांब श्वास. मग थांबून आजूबाजूला बघणं, हसणं. मग दुसरी ओळ. आठही मिनिटं. त्यांना कसलीही घाई नव्हती.

गाणं संपल्यावर एक पोरगी घामाने निथळत मोजणीदारांकडे आली. "काका, एडिट तुमचं ना? फार भारी! आणि तो गाणारा माणूस कोण हो?"

मोजणीदारांनी घसा साफ केला, पण आवाज खाली नेला नाही.

"देल्फिना मिंगोत्सी," ते म्हणाले. "त्या तिथे उभ्या आहेत. आमच्या खाली राहतात."